पंखावर राहिलेले झाकण

मागच्या जूनमधल्या एका रविवारी, सकाळी साडेसहाच्या सुमारास, मामांनी इंजिन सुरू केले आणि विमान धावपट्टीच्या टोकाकडे सावकाश जाऊ लागले, तेव्हा मी शेडच्या दारात उभी राहून रिकामे डबे मोटारीत ठेवत होते. राखणदाराचा बारा वर्षांचा मुलगा धापा टाकत माझ्याकडे आला आणि डाव्या पंखाकडे बोट दाखवत ओरडला, "बेन, ढांकणुं रही ग्युं!" मी डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली, मामांनी ती पाहून इंजिन बंद केले, आणि आम्ही तिघेही पंखापाशी जाऊन काही वेळ नुसते पाहत राहिलो. टाकीचे झाकण टाकीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पंखाच्या कापडावर उताणे पडलेले होते. इंजिनाच्या थरथरीने ते तोवर खाली कसे घसरले नाही, हे मला अजून उलगडलेले नाही.

ते झाकण मीच काढले होते आणि लावायला मीच विसरले होते. अर्धा डबा ओतून झाला असताना आईचा फोन आला. आम्ही जेवायला किती वाजता पोहोचणार, एवढेच तिला विचारायचे होते. मी डबा खाली ठेवला, शेडपासून लांब जाऊन बोलले, परत येऊन उरलेले पेट्रोल ओतले, नरसाळे काढले आणि शिडीवरून उतरले. एरवी नरसाळे काढताच माझा हात आपोआप झाकणाकडे जातो. त्या दिवशी मधेच फोन आल्यामुळे तो गेला नाही.

झाकण नसताना विमान उडाले असते तर काय झाले असते, हे समजायला फार गणित लागत नाही. पंखाच्या वरच्या अंगाला हवेचा दाब कमी असतो, त्या कमी दाबाच्या बळावरच विमान वर राहते, आणि टाकीचे तोंड नेमके त्याच जागी असते. तोंड उघडे राहिले की तोच कमी दाब टाकीतले पेट्रोल वर ओढतो आणि ते तुषार होऊन पंखामागे उडून जाते. काही मिनिटांत टाकी रिकामी होऊ शकते, आणि दोन्ही टाक्या वरून एका नळीने जोडलेल्या असतील तर दुसऱ्या टाकीतले पेट्रोलही त्याच वाटेने जाऊ शकते. आमच्या टाक्या तशाच जोडलेल्या आहेत.

मामांनी हे विमान बांधण्यात नऊ वर्षे घालवली. त्या नऊ वर्षांत प्रत्येक लाकडी फासळी, प्रत्येक बोल्ट, कापडाचा प्रत्येक सांधा त्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासला, आणि बांधणीतली एकही चूक आजवर आमच्या अंगावर आलेली नाही. आमच्या हातून जे घोटाळे झाले ते जवळजवळ सगळे पेट्रोल भरताना झाले. मोटारीत पेट्रोल भरण्याच्या सवयीमुळे हे काम कामच वाटत नाही, त्यामुळे गप्पा मारत, फोन घेत, पाहुण्यांना विमान दाखवत आपण ते करतो. माझ्या मते घरगुती विमानाच्या बाबतीत सर्वांत जास्त सावधगिरी याच अर्ध्या तासाला लागते.

विमानाची थोडी ओळख करून देते. दोन आसने, लाकडी सांगाडा, कापडी आवरण, शेपटीखाली छोटे चाक, नाकावर १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन आणि पंखांत प्रत्येकी ३८ लिटरची फायबरग्लासची टाकी. ताशी साधारण १८ लिटर पेट्रोल लागते. परवानग्यांची कथा इथे सांगत नाही. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना २०१७ साली नोंदणी मिळेपर्यंत किती हेलपाटे घालावे लागले, ते सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचलेच आहे. आमचे विमान बडोद्यापासून तासाभरावरच्या एका खासगी धावपट्टीवर असते. तिथे पंप नाही, त्यामुळे पेट्रोल मोटारीतून डब्यांत न्यावे लागते.

या डब्यांचाही कायदा आहे. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंतच जवळ बाळगता येते, आणि तेही घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. धातूचे भांडे असेल तर ते २५ लिटरपेक्षा मोठे चालत नाही. आम्ही १५ लिटरचे दोन पत्र्याचे डबे वापरतो. दोन्ही टाक्या भरायच्या तर तीन फेऱ्या होतात, म्हणून त्या आम्ही क्वचितच पूर्ण भरतो. सुरुवातीला मला हा नियम जाचक वाटायचा. स्थिर विजेचा प्रकार स्वतः अनुभवल्यावर प्लास्टिकचे कॅन वापरण्याचा मोह कायमचा गेला. त्याविषयी पुढे येईलच.

कोणते पेट्रोल भरायचे, हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत फार अवघड झाला आहे. या इंजिनाला ९५ ऑक्टेनचे (ऑक्टेन म्हणजे इंजिनाला ठोके न देता जळण्याची पेट्रोलची क्षमता), शिशाविना पेट्रोल मानवते आणि त्यात इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत असले तर उत्पादकाची हरकत नसते. आता आपल्याकडे पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. ऑक्टेनची अट त्यात पुरी होते, इथेनॉलची होत नाही. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवते, टाकीच्या आत लावलेला लेप सोडवते आणि फायबरग्लास घट्ट करणाऱ्या रेझिनच्या काही प्रकारांना मऊ करते. घरी बनवलेल्या फायबरग्लासच्या टाकीत नेमके कोणते रेझिन आहे, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक असते. मामांच्या वहीत त्या रेझिनच्या डब्यावरचे लेबल चिकटवून ठेवलेले आहे, म्हणून आम्हाला ते कळले, आणि ते इथेनॉलला टिकणारे नाही हेही कळले.

इथेनॉल आहे की नाही, हे पाहण्याची घरगुती रीत अगदी सोपी आहे. १०० मिलिलिटरच्या काचेच्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी घ्यावे, वर ९० मिलिलिटर पेट्रोल ओतावे, बूच लावून हलवावे आणि पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावे. पाण्याची रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. ती वर चढली तर इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरले आहे. पंपावरच्या पेट्रोलने हा प्रयोग आम्ही केला तेव्हा खालचा थर २५च्याही पुढे गेला. ते पाहून मामांना एक कल्पना सुचली. "असंच सगळं पेट्रोल पाण्यानं धुऊन घेऊ या की," ते म्हणाले. मी म्हटले, "मामा, इथेनॉलबरोबर ऑक्टेनही धुऊन जाईल, आणि मग इंजिन ठोके द्यायला लागेल." इंधन कंपन्या इथेनॉल मिसळतात तेव्हा त्याच्यापासून मिळणारे ऑक्टेन हिशेबात धरतात, ते काढून घेतल्यावर मागे जे उरते ते ९५चे नसते. मामा दोन दिवस माझ्यावर नाराज होते, मग त्यांनी स्वतःच ते वहीत लिहून घेतले.

दुसरा पर्याय ॲव्हगॅस १०० एलएल. निळ्या रंगाचे हे विमानाचे पेट्रोल पूर्वी सगळे परदेशातून यायचे. २०२२च्या सप्टेंबरमध्ये इंडियन ऑइलने देशी ॲव्हगॅस बाजारात आणले, आणि ते तयार होते ते आमच्या बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत. पुढच्या जानेवारीत त्याची ८० पिंपे पापुआ न्यू गिनीला रवाना झाली. ज्या रिफायनरीच्या ज्योती आम्ही लहानपणी गच्चीवरून पाहत असू तिथले इंधन पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या छोट्या विमानांत जाते, याचा मला अभिमान वाटतो, आणि आपल्याला त्यातले दोन डबे मिळवायला किती खटपट करावी लागते हे आठवून थोडे हसूही येते. ॲव्हगॅसमध्ये इथेनॉल नसते, ते महिनोन् महिने टिकते आणि उन्हाळ्यात त्याची वाफ लवकर होत नाही. पण त्यात शिसे असते, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत, आणि रोटॅक्समध्ये ते शिसे तेलात उतरून गिअरबॉक्सच्या तळाशी करड्या चिखलासारखे साठते. त्यामुळे तेल नेहमीपेक्षा लवकर बदलावे लागते. आम्ही हा तोटा पत्करला आहे.

इंधन ओळखण्यात चूक कुणाचीही होऊ शकते. बॉब हूव्हर हे अमेरिकेतले अत्यंत निष्णात वैमानिक. १९७८ साली त्यांच्या पिस्टन इंजिनांच्या विमानात कुणीतरी जेटचे इंधन, म्हणजे जवळपास रॉकेलच, भरले. उड्डाण होताच इंजिने गळाठली आणि विमान कोसळले. आतले तिघेही वाचले. हूव्हर यांनी त्या भरणाऱ्या मुलाला रागावण्याऐवजी दुसऱ्या दिवशी आपल्या दुसऱ्या विमानात त्यालाच इंधन भरायला सांगितले, कारण आता हा मुलगा जन्मात ही चूक करणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. पुढे जेट इंधनाच्या नळीला रुंद, बदकाच्या चोचीसारखे तोंड आणि पेट्रोलच्या टाकीला अरुंद तोंड ही व्यवस्था त्यांच्याच नावाने रूढ झाली. आमच्यासारख्या डब्यातून ओतणाऱ्यांना मात्र असे कोणतेही संरक्षण नसते, नरसाळ्यात काहीही ओतता येते.

आमच्याकडे ते 'काहीही' एकदा डिझेल होते. शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरसाठी कुणीतरी आमचा रिकामा डबा नेला, त्यात डिझेल आणले आणि तळाशी लिटरभर उरलेले असताना तो परत शेडमध्ये ठेवला. मी त्यावर पेट्रोल ओतून आणले. वाचवले ते मामांच्या कागदाने. ते प्रत्येक डब्यातले दोन थेंब पांढऱ्या कोऱ्या कागदावर टाकतात आणि कागद हवेत धरतात. पेट्रोल दोन मिनिटांत उडून जाते आणि मागे काही राहत नाही, डिझेल किंवा रॉकेल असेल तर भज्याखालच्या वर्तमानपत्रासारखा तेलकट डाग राहतो. त्या दिवशी रुपयाएवढा डाग राहिला. नुसत्या रंगावर किंवा वासावर मला तरी ते ओळखता आले नसते. आता आमचे डबे लाल रंगाचे आहेत, त्यांना कुलूप असते, आणि ते धावपट्टीवर न ठेवता आम्ही सोबत परत आणतो.

पाण्याविषयी जास्त सविस्तर लिहायला हवे, कारण बडोद्यात पावसाळा चार महिने असतो आणि पाणी शोधणे वाटते तितके सोपे नाही. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते टाकीच्या तळाशी बसते. म्हणून तळाच्या निचऱ्याच्या नळातून थोडे पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढून पाहायचे, ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे. चूक वेळेत होते. ओतताना पाणी पेट्रोलमध्ये घुसळले जाते आणि खाली बसायला त्याला अवधी लागतो. पेट्रोलच्या फूटभर खोलीला १५ मिनिटे, असा जुना हिशेब आहे. भरल्याबरोबर नळ उघडला तर स्वच्छ पेट्रोल येते आणि पाणी अजून वरच तरंगत असते. आमची टाकी अर्धा फूटही खोल नाही, तरी आम्ही १५ मिनिटे थांबतो. तेवढ्यात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, विमानापासून लांब, चहा होतो. भरल्यानंतर विमान हलवून मग निचरा घेण्याचीही चूक आम्ही केली आहे. त्याने पुन्हा सगळे घुसळले जाते.

दुसरी फसगत याहून विलक्षण आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये बडोद्यातल्या विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा मामांच्या तळमजल्याच्या खोलीत दोन दिवस पाणी होते, आणि डबे त्याच खोलीत होते. पूर ओसरल्यावर त्यांनी डबे बाहेरून धुतले, बुचे घट्ट आहेत असे पाहिले आणि त्यातले पेट्रोल पुढच्या खेपेला वापरले. निचऱ्याच्या भांड्यात आले ते अगदी नितळ, ना थर, ना थेंब. मामा समाधानाने मान हलवू लागले, तेवढ्यात माझ्या लक्षात आले की भांड्याला वास नाही. भांडे पूर्ण पाण्याने भरले होते! दोन द्रव असतील तरच त्यांच्यामधली रेघ दिसते. एकच द्रव असेल तर डोळ्यांना पाणी आणि रंग उडालेले पेट्रोल यांत फरक दिसत नाही. तेव्हापासून भांड्यात आधी थोडे खात्रीचे पेट्रोल घेऊन मग त्यात निचरा काढतो, म्हणजे पाणी असेल तर ते खाली वेगळे दिसते. ॲव्हगॅस असेल तर निळा रंग मदतीला येतो, पण तोही पांढऱ्या कागदासमोर धरून पाहावा, आकाशासमोर धरला तर पाणीसुद्धा निळेच दिसते. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ही तपासणी आणखी फसवी होते, कारण थोडे पाणी त्यात विरघळून राहते आणि पेट्रोल गार झाले की अचानक वेगळे होऊन तळाशी येते.

आता स्थिर वीज. बडोद्यातला जानेवारी कोरडा असतो. मी नायलॉनची ओढणी घेऊन शिडीवर चढले होते, नरसाळे प्लास्टिकचे होते, आत बारीक जाळीचे गाळणे, आणि पेट्रोल त्या जाळीतून झिरपत टाकीत पडत होते. नरसाळे उचलताना बोटाला बारीक चटका बसला आणि 'टक्' असा आवाज आला. तेवढेच झाले. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे पंखावरून ओघळत खाली येते, आणि तिला पेटवायला त्या 'टक्' एवढी ठिणगी पुरते. बहुधा नरसाळ्याच्या तोंडाशी वाफ इतकी दाट होती की तिला पुरेशी हवा मिळाली नाही. या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

धातूच्या विमानात सगळे भाग एकमेकांना जोडलेले असतात, आमच्या लाकडी आणि फायबरग्लासच्या विमानात टाकीचे धातूचे तोंड एकटेच अधांतरी बसलेले होते. मामांनी आता त्या तोंडापासून इंजिनाच्या चौकटीपर्यंत तांब्याची पट्टी नेली आहे. भरण्याआधी एक लांब तार प्रथम एक्झॉस्टच्या उघड्या धातूला लावायची, मग डब्याला, मग झाकण उघडायचे. भरून झाल्यावर आधी झाकण लावायचे आणि मग तार काढायची. हा क्रम उलटला तर तार काढतानाची ठिणगीच वाफेत पडते. नरसाळे धातूचे, आणि ते ओतताना टाकीच्या तोंडाला टेकलेले. कपडे सुती. डबे पंपावर भरताना मोटारीच्या डिकीत गालिच्यावर ठेवून भरू नयेत, जमिनीवर ठेवावेत, कारण गालिच्यावर डब्यात साठलेल्या विजेला जमिनीत जायला वाट नसते.

मोजमापाच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे, कारण माझा व्यवसायच उपकरणांचा आहे. छोट्या विमानातल्या काट्यावर मी विश्वास ठेवत नाही. लाकडी मोजपट्टीवर ठेवते, तीही आपल्याच टाकीवर आखलेली असेल तर. टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर ओतत प्रत्येक वेळी पट्टीवर खूण करावी, हे काम एका दुपारचे आहे. मामांनी ते विमान बांधताना केले होते, पण तेव्हा विमान घडवंच्यांवर आडवे, सपाट ठेवलेले होते. शेपटीच्या चाकाचे विमान जमिनीवर नाक वर करून उभे असते, त्यामुळे टाकीतले पेट्रोल मागच्या बाजूला जमते आणि पट्टी वेगळेच सांगते. आमची पट्टी २० लिटर दाखवायची तेव्हा टाकीत प्रत्यक्षात १४ असायचे. सहा लिटर म्हणजे २० मिनिटांचे उड्डाण. सगळ्या खुणा आम्ही पुन्हा, विमान चाकांवर उभे असताना केल्या.

मोजण्याची चूक मोठ्यांचीही होते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ एडमंटनला निघाले होते; त्याला २२,३०० किलो इंधन हवे होते, आणि लिटरवरून वजन काढताना ०.८ऐवजी १.७७ने गुणले गेले. १.७७ हा आकडा पौंडांचा होता. विमानात निम्म्याहून कमी इंधन गेले, हवेत दोन्ही इंजिने बंद पडली, आणि वैमानिकांनी ते विमान इंजिनांविना तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले; कुणीही दगावले नाही. घरगुती विमानाची गोष्ट याहून दुःखद आहे. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ज्या लाँग-ईझी विमानाच्या अपघातात मरण पावले, ते दुसऱ्या कुणीतरी घरी बांधलेले आणि त्यांनी नुकतेच विकत घेतलेले होते. बांधणाऱ्याने टाकी बदलण्याचा खटका मूळ आराखड्याप्रमाणे पायांमध्ये न ठेवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे ठेवला होता. निघण्यापूर्वी इंधन भरायचे का, असे विचारले असता त्यांनी नको म्हटले होते. एक टाकी संपत आली, खांद्यामागचा खटका फिरवायला ते वळले आणि विमानावरचा ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष आहे. मामांनी हा अहवाल वाचून आमचा खटका गुडघ्याजवळ आणला. आम्ही वहीतही 'अर्धी टाकी', 'पाऊण टाकी' लिहिणे बंद केले. लिटर लिहितो, आणि शेजारी किलो लिहितो, कारण पेट्रोल लिटरला ०.७२ किलो भरते आणि दोन्ही टाक्या भरल्या की विमानात ५५ किलोंची भर पडते, म्हणजे जवळपास एक माणूस.

टाकी काठोकाठ भरण्याविषयी दोन मते आहेत. अर्धवट टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते आणि त्याचे पाणी होते, म्हणून भरून ठेवावी, हे खरे. पण मेमध्ये आम्ही पहाटे गार पेट्रोल तोंडापर्यंत भरले आणि ढगाळलेले पाहून उड्डाण रद्द केले. दुपारी शेडचा पत्रा तापला, पेट्रोल फुगले आणि व्हेंटमधून, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या नळीतून, टपकत राहिले. ३८ लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर पाऊण लिटरभर वाढते. संध्याकाळी शेडमध्ये नुसती वाफ कोंडली होती, आणि मामांनी हौसेने दिलेल्या पिवळ्या रंगावर त्याचा ओघळ आजही दिसतो. आता आम्ही वर दोन बोटे जागा सोडतो.

व्हेंटविषयी फक्त एक. पेट्रोल जसे खाली जाते तशी वरून हवा आत यावी लागते, आणि ती ज्या पेन्सिलएवढ्या नळीतून येते ती नळी कुंभारमाशीला घर करायला फार आवडते. पंधरा दिवसांच्या सुट्टीनंतर तिने आत मातीचे बूच बसवले होते आणि इंजिन जमिनीवरच दहा मिनिटांत धापा टाकू लागले. मी झाकण सैल केले तेव्हा टाकीने हवा आत ओढल्याचा स्पष्ट सुस्कारा ऐकू आला. आता नळीला लाल फीत लावलेली टोपी असते आणि उड्डाणापूर्वी ती काढून वहीवर ठेवायची असते. ती वहीवर दिसली नाही तर मामा विमानात चढत नाहीत.

झाकणांना साखळी लावण्याचा विचार झाला होता, पण साखळी पंखाच्या कापडावर घासते. म्हणून मामांनी प्रत्येक झाकणाला सुतळीचे कडे बांधले आहे, आणि जो झाकण काढील त्याने ते मनगटात घालायचे असा नियम आहे. मनगटात झाकण लटकत असले की शिडीवरून उतरताना ते गुडघ्यावर आपटते. फोन मोटारीच्या कप्प्यात राहतो. आईला आम्ही सांगून ठेवले आहे की सहा ते सात या वेळात जेवणाचे काहीही ठरवायचे नाही. इंजिन सुरू करण्यापूर्वी राखणदाराचा मुलगा शेडजवळच्या ओट्यावर चढून दोन्ही पंखांवर नजर टाकतो, मोठ्याने "एक, बे" असे मोजतो आणि मग मामांना दोन बोटे दाखवतो.